कॅमेरा मुलांच्या हाती, मांडणी कोणाची? : 'बगदाद हाय' या अनुबोधपटाचा विचार

युद्धाविषयीच्या अनुबोधपटांत मुले बहुधा बळी म्हणून येतात. त्यांच्याविषयी बोलतात ती मोठी माणसे. 'बगदाद हाय' या अनुबोधपटाने हा संकेत मुलांच्याच हाती कॅमेरा देऊन मोडला. आयव्हन ओ'माहोनी व लॉरा विंटर यांनी दिग्दर्शित केलेला हा पट जानेवारी २००८मध्ये बीबीसीवर 'द बॉइज फ्रॉम बगदाद हाय' या नावाने दाखवला गेला आणि त्याच वर्षी अमेरिकेत एचबीओवरून प्रसारित झाला. बगदादच्या एका मध्यमवर्गीय, संमिश्र वस्तीतील तारिक बिन झियाद या शाळेत अखेरच्या वर्षात शिकणाऱ्या चार मित्रांनी २००६-०७ या वर्षातील आपले घर, वर्ग आणि स्वतःचे बोलणे चित्रित केले.

या चौघांत एक कुर्द, एक ख्रिस्ती, एक शिया आणि एक शिया-सुन्नी दांपत्याचा मुलगा आहे. परक्या प्रेक्षकाला नकाशा लागतो हे मान्य केले, तरी ही निवड नमुन्यादाखल केलेली वाटते आणि पटाच्या रचनेवर तिचे ओझे राहते. कारण मुलांनी टिपलेले जीवन या चौकटीत बसत नाही. एकाला गाणी रचून गायक व्हायचे आहे, दुसऱ्याला प्रेयसीची काळजी आहे. अभ्यासाची टाळाटाळ आणि परीक्षेची धास्ती तर चौघांचीही आहे. यातले काहीच पंथाने ठरलेले नाही.

तथापि पंथाची ओळख ही केवळ पाश्चात्त्य दिग्दर्शकांनी चिकटवलेली पट्टी होती, असे म्हणणेही चुकीचे ठरेल. फेब्रुवारी २००६मध्ये सामर्रा येथील अल-अस्करी मशिदीत स्फोट झाल्यानंतर बगदादच्या रस्त्यांवर ओळखपत्रावरील नावावरून माणसाचे जगणे-मरणे ठरू लागले होते. म्हणजे जी ओळख वर्गात गौण होती, तीच फाटकाबाहेर प्राणघातक ठरत होती. एकाच ओळखीचे हे दोन अर्थ वेगळे करून दाखवण्याची संधी या पटाकडे होती. परिचयाच्या भागात तो रस्त्यावरची भाषा बोलतो, पुढे मैत्रीच्या दृश्यांत ती विसरतो; मधला उंबरठा मात्र फारसा तपासत नाही.

येथे कर्तृत्वाचा प्रश्न उपस्थित होतो. दलित आत्मकथनांच्या निमित्ताने मराठी समीक्षेत अनुभवाच्या प्रामाण्याची दीर्घ चर्चा झाली. तेथे भोगणारा आणि लिहिणारा एकच होता. काय सांगायचे, कोणत्या क्रमाने सांगायचे आणि कोठे थांबायचे, हे मुख्यतः तोच ठरवीत होता. येथे दृश्ये मुलांची, क्रम संकलकाचा. हाती कॅमेरा असणे म्हणजे निवेदनाचा अधिकार असणे नव्हे. आत्मनिवेदनाचा सूर ऐकून प्रेक्षक हा भेद सहज विसरतो, आणि पटही तो विसरू देतो.

असे असूनही संकलनाच्या हाताला न जुमानणारे काही यात उरते, आणि तेच त्याचे बलस्थान आहे. ते स्फोटांत नाही. स्फोट वृत्तवाहिन्यांनीही दाखवले. ते आहे कोंडलेपणात. संचारबंदीने घरात अडकलेला, मित्राशी फोनवरूनच बोलू शकणारा सतरा-अठरा वर्षांचा मुलगा कंटाळतो, आणि त्याचा कंटाळा कॅमेरा टिपतो. बाहेरून आलेल्या चित्रकाराने धोका टिपला असता. कंटाळा टिपण्यासाठी त्याला त्या घरात वर्षभर राहावे लागले असते. ३० डिसेंबर २००६ रोजी सद्दाम हुसेन यांना फाशी दिली गेली, त्या ऐतिहासिक दिवसापेक्षाही असे नाव नसलेले दिवस या पटात अधिक बोलके आहेत.

शिक्षणाकडे पाहण्याची मुलांची दृष्टीही येथे लक्षात घ्यावी लागते. अखेरच्या वर्षाच्या मंत्रालयीन परीक्षेवर विद्यापीठातील प्रवेश अवलंबून. आणि जानेवारी २००७मध्ये बगदादच्या मुस्तनसिरिया विद्यापीठाच्या दारातच झालेल्या स्फोटांत कित्येक विद्यार्थी मारले गेले. ज्या दारासाठी अभ्यास करायचा ते दारच सुरक्षित नाही, ही विसंगती कोणी शब्दांत मांडण्याची गरज नव्हती. मुले तरीही पुस्तक उघडतात, मिटतात, पुन्हा उघडतात.

कुर्द मुलाचे कुटुंब अखेर उत्तरेकडे, कुर्दिस्तानात निघून जाते. संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासितविषयक यंत्रणेच्या अंदाजानुसार २००७पर्यंत २० लाखांहून अधिक इराकी देशाबाहेर गेले होते, आणि देशांतर्गत विस्थापितांची संख्याही तितकीच मोठी होती. पट ही आकडेवारी पुढे करत नाही, हे योग्यच आहे. चौघांतला एक कमी होतो आणि मागे राहिलेले तिघे परीक्षेला बसतात.