वायर बदलली, की आणखी काही?

दिवाळीत धुळ्याला मामांकडे गेलो होतो. टीव्हीच्या हेडफोन जॅकमधून अ‍ॅम्प्लिफायरला जाणारी जुनी वायर काढून त्यांनी ऑप्टिकल वायर टाकली होती. "आवाज कसा मोकळा झाला पाहा भो," मामा म्हणाले. मलाही तसंच वाटलं. जळगावला परतताना बसमध्ये मात्र प्रश्न पडला: नेमकं बदललं काय?

संशोधनाच्या वाटेवर असाल तर हा प्रश्न आधी विचारायची सवय लावा.

कानाला शेवटी अ‍ॅनालॉगच लागतं, त्यामुळे डिजिटलचं रूपांतर कुठेतरी होणारच. जॅक वापरला तर ते टीव्हीतला कन्व्हर्टर करतो, ऑप्टिकल वापरली तर अ‍ॅम्प्लिफायरमधला. म्हणजे मामांनी वायरसोबत कन्व्हर्टरही बदलला. दुसरं, आवाजाची पातळी बदलली. किंचित मोठा आवाज आपल्याला 'मोठा' न वाटता 'चांगला' वाटतो. तिसरं, तांब्याच्या वायरने दोन उपकरणांची अर्थिंग जोडली जाते, त्यातून ५० हर्ट्झची घरघर येऊ शकते. ऑप्टिकलमधून फक्त प्रकाश जातो, त्यामुळे तो रस्ता बंद होतो. निष्कर्ष एक, संशयित तीन!

आता एक पेपर बघू. मेयर आणि मोरन यांनी २००७ मध्ये 'जर्नल ऑफ द ऑडिओ इंजिनिअरिंग सोसायटी'त तो छापला. हाय-रिझोल्यूशन डिस्कचा आवाज एकदा थेट आणि एकदा १६ बिट, ४४.१ किलोहर्ट्झच्या डिजिटल रूपांतरातून ऐकवला. ५५४ पैकी २७६ उत्तरं बरोबर आली, म्हणजे ४९.८ टक्के. नाणं उडवल्यासारखंच.

पेपरची ताकद काय? पातळी जुळवलेली, ऐकणाऱ्याला काय चालू आहे ते माहीत नाही, बदललेली गोष्ट एकच. कच्चा दुवा? सगळ्या डिस्क मुळातच हाय-रिझोल्यूशन होत्या का, हा आक्षेप नंतर घेतला गेला. शिवाय 'फरक सापडला नाही' आणि 'फरक नाही' ही दोन वेगळी वाक्यं आहेत. २०१६ मध्ये जोशुआ रीस यांनी १८ प्रयोग एकत्र तपासले, तेव्हा बरोबर उत्तरं ५२.३ टक्के निघाली. फरक आहे, पण अगदी बारीक.

मग घरी काय निवडायचं? अ‍ॅम्प्लिफायरला फक्त लाल-पांढऱ्या पिनांची सोय असेल आणि घरघर नसेल, तर अ‍ॅनालॉग पुरे. घरघर असेल आणि सोय असेल, तर ऑप्टिकल घ्या. 'मोकळ्या' आवाजासाठी पैसे घालण्याआधी चाचणी करा. टेस्ट टोन लावून स्पीकरच्या टोकांवरचं व्होल्टेज मल्टीमीटरने सारखं करून घ्या. मग दुसऱ्या कुणालातरी नाणेफेक करून, तुम्हाला न दाखवता १६ वेळा जोडणी निवडायला सांगा. १२ किंवा जास्त उत्तरं निव्वळ अंदाजाने बरोबर यायची शक्यता जेमतेम ३.८ टक्के असते.

तुमच्या सिनॉप्सिसमध्येही 'अमुकमुळे तमुक झालं' असं वाक्य असेल. त्याखाली, सोबत आणखी काय काय बदललं याची यादी करा. मामांना मी फोनवर हेच सांगितलं. ते म्हणाले, "मग ये उन्हाळ्यात. मल्टीमीटर आहे माझ्याकडे."