कॉर्सेट की चोळी?

अंगावर घालायच्या उपकरणांसाठी युरोपच्या कॉर्सेटकडे पाहणे आम्हाला अपुरे वाटते. १९६९ साली चंद्रावर वापरलेले पोशाख ब्रा-गर्डल बनवणाऱ्या कंपनीने शिवले, हे खरे. पण ते श्रेय रबरी सांध्यांचे आणि शिवणकामाचे, पोलादी पट्ट्यांचे नव्हे. जळगाव-धुळ्यात मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो. तिथे पुढे गाठ मारायची सुती चोळीच शहाणी! घाम टिपते, ताण हवा तेवढाच. उणीव मात्र मोठी आहे: गाठ रोज वेगळी बसते, त्यामुळे संवेदकाचा त्वचेवरचा दाबही बदलेल.

शिंपी गळ्याला उरेब पट्टीच का लावतो? वर्गात एकाच कापडाची उभी व उरेब पट्टी सारखे वजन टांगून मोजावी. उरेब जास्त लांबते, अरुंदही होते.