मीठ कमी आहे, हे कुणाला सांगायचं?

मंडळी, आपल्याकडे नाटकाची समीक्षा होते, कवितेची होते, क्वचित इमारतीचीही होते. जेवणाच्या जागेची मात्र आपण एकतर शिफारस करतो, नाहीतर तक्रार. आज आम्ही ‘फूड हॉल’ या प्रकाराची समीक्षा करायची म्हणतो आहोत. तिथलं खाणं चांगलं असतं, ते एका वाक्यात सांगून टाकलं. आमचा प्रश्न वेगळा आहे : ही जागा आपल्याला कोणत्या प्रकारचं जेवणारं माणूस बनवते?

फूड कोर्ट तुम्हाला माहीत आहे. प्लॅस्टिकचा ट्रे, ओळखीच्या कंपन्यांच्या पाट्या, सिनेमाआधीची घाई. फूड हॉल हे त्याचं शिकलेलं भावंड. इथे लाकडाची लांबच लांब टेबलं असतात, तांब्याची भांडी टांगलेली असतात, आचारी आपल्यासमोर रांधतो आणि प्रत्येक गाळ्याला एक ‘गोष्ट’ असते. युरोपात हे बहुधा जुन्या मंडईत भरतं. माद्रिदमधली सान मिगेलची लोखंडी मंडई 1916 सालची. 2009 मध्ये ती खवय्यांसाठी नव्याने उघडली. लिस्बनच्या जुन्या रिबेरा मंडईत 2014 मध्ये ‘टाइम आउट’ या नियतकालिकाच्या मंडळींनी स्वतःचा फूड हॉल काढला. कोणते आचारी घ्यायचे ते संपादकांनीच ठरवलं. म्हणजे कालपर्यंत जे समीक्षा लिहीत होते, त्यांनी समीक्षेचंच दुकान मांडलं. आमच्यासारख्या फुकट बोलणाऱ्याला हेवा वाटावा अशीच गोष्ट!

आपल्या मुंबईत जुन्या मंडया अजून मंडयाच आहेत. पण गिरण्या रिकाम्या झाल्या. म्हणून आमचा नमुना लोअर परळचा, गिरणीच्या जागेवर उभ्या राहिलेल्या एका मॉलमधला. नाव कशाला घ्या, अशा जागा साधारण एकाच साच्यातल्या असतात.

आम्ही उभयता तिथे दोनदा गेलो. बसायचं, टेबलावरचा चौकोनी ठिपक्यांचा कोड फोनने टिपायचा, यादीतून निवडायचं, आधी पैसे भरायचे. मग हातात एक काळी चकती येते. पदार्थ तयार झाला की ती थरथरते, लाल दिवे चमकतात, आणि आपण उठून तो घेऊन यायचा. शेजारी पाच जणांचं कुटुंब होतं. आजीचा डोसा, बापाचं थाय काहीतरी, मुलांचे पिझ्झे, आईची कसलीशी हिरवी वाटी. चकत्या वेगवेगळ्या वेळी थरथरल्या. आजीचं खाणं संपलं तेव्हा आईची वाटी यायची होती. कुणाचीही चूक नव्हती. थांबावं तर पदार्थ निवतो!

आता इथे थोडा कांट आणावा लागेल, घाबरू नका. कांटने रुचकर आणि सुंदर यांत भेद केला. अमुक मद्य मला आवडतं, असं म्हणताना ‘मला’ हा शब्द पुरेसा असतो. दुसऱ्याला ते आवडलंच पाहिजे असा माझा दावा नसतो. एखादी गोष्ट सुंदर आहे असं म्हटलं, की मात्र मी सगळ्यांच्या संमतीची अपेक्षा धरतो. फूड हॉल हा या पहिल्या वाक्याचा राजवाडा आहे. ज्याला जे आवडेल ते. यात वाद नाही, म्हणून संवादही नाही. गंमत अशी की हाच कांट स्वतः कधी एकटा जेवायला बसत नसे. दुपारच्या जेवणाला पाहुणे हवेतच, पंक्तीत तिघांहून कमी नकोत आणि नवांहून जास्त नकोत, असा त्याचा दंडक होता. तत्त्वचिंतकाने एकट्याने जेवणं त्याला प्रकृतीला अपायकारक वाटे. म्हणजे जिभेची आवड ज्याची त्याची, पण जेवण सगळ्यांचं, हे त्याला पक्कं ठाऊक होतं.

‘आज मीठ जरा कमी पडलंय’ हे वाक्य घ्या. साधं दिसतं, पण ते म्हणायला काय काय लागतं बघा. एकच आमटी सगळ्यांच्या ताटात असावी लागते. कुणीतरी ‘हो, मलाही लागलं’ म्हणावं लागतं. कुणीतरी ‘मला तर बरोबर वाटतंय’ म्हणून हट्ट धरावा लागतो. आणि जिने किंवा ज्याने ती केली, ते माणूस ऐकण्याच्या अंतरावर असावं लागतं. फूड हॉलमध्ये यातलं काहीच नाही. आम्ही मिसळ घेतली होती, चारशेच्या घरातली. अर्ध्यावर रस्सा संपला. कोल्हापुरात काय किंवा पुण्यात काय, अशा वेळी आपण फक्त मान वर करतो, वाढणारा समजतो. इथे मान वर केली तर समोर झुंबर. आमच्या सौभाग्यवतींनी फोन पाहिला. रस्सा ‘ॲड-ऑन’मध्ये होता. नवे पैसे, नवी चकती. मिसळ उत्तम होती हो, पण तिच्याशी बोलणार कोण?

याच जमिनीच्या आसपास दुसऱ्या तऱ्हेचं एक जेवण होऊन गेलं आहे. कोकणातून, सातारा-कोल्हापूरकडून आलेले गिरणी कामगार बहुतेक एकटे राहत, कुटुंब गावी. त्यांना जेवू घालत खाणावळवाल्या बाया; चाळीतल्या एवढ्याशा खोलीत स्टोव्ह, भाकऱ्यांची चळत, पाळीनुसार येणारी माणसं. पैसे महिन्याचे, पगार झाल्यावर. संप झाला की पगार नाही, पण जेवण थांबत नसे. बाई उधारीवर वाढत राही आणि स्वतः सावकाराच्या कर्जात जाई. याच बायांना बँकेचं कर्ज मिळवून देण्यासाठी प्रेमा पुरव यांनी 1975 मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं. पुढे 18 जानेवारी 1982 ला सुरू झालेल्या संपात अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले, आणि गिरणगाव पुन्हा पहिल्यासारखं झालं नाही.

आधी जेवण आणि मग पैसे, यात नुसता हिशेबाचा क्रम नाही. उधारी म्हणजे तुम्ही उद्याही इथेच याल, असं कुणीतरी धरून चालणं. फूड हॉलला तुमचा उद्या नको आहे. त्याला आत्ताचा तुमचा फोन पुरतो.

पण थांबा. आमच्या वयाच्या माणसाला इथे गहिवर येतो, आणि गहिवर आला की समीक्षा बुडते. त्या पंगती सगळ्यांसाठी नव्हत्या. खाणावळीतही गाव आणि जात पाहून माणसं बसत. आणि गिरणीच्या आत? तुटलेला धागा ओढून घेताना विणकराला तो तोंड लावून चोखावा लागे, म्हणून दलित कामगारांना विणखात्यात, म्हणजे चांगल्या पगाराच्या खात्यात, शिरकाव नव्हता. उष्ट्याची कल्पना थेट पगारापर्यंत पोचलेली. 1928 च्या संपाच्या काळात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हा प्रश्न ऐरणीवर आणला. हे ध्यानात ठेवून त्या लांब लाकडी टेबलाकडे पाहिलं, की मान्य करावं लागतं : तिथे आमच्या डावीकडे कोण बसलं, उजवीकडे कोण, कुणी विचारलं नाही, आम्हीही विचारलं नाही. ज्याला आडनाव विचारून ताटकळत ठेवलं गेलं असेल, त्याला चकतीचं मुकेपण सन्मानाचं वाटेल. आम्ही ते हसण्यावारी नेणार नाही.

एवढंच, की दाराशी आडनावाच्या जागी आता चारशे रुपये उभे आहेत. दुसऱ्या भेटीत टेबलं पुसणाऱ्या मुलाला आम्ही विचारलं, बाबा, तू कुठे जेवतोस? ‘खाली, पार्किंगच्या बाजूला. डबा आणतो.’ विरारहून येतो म्हणाला. गिरण्यांच्या काळी तो, निदान जेवणापुरता, याच गल्लीत राहिला असता. पंक्तिभेद नाहीसा झाला असं म्हणण्याआधी तो तळघरापर्यंत जाऊन पाहावा लागतो.

म्हणून आमचा निवाडा मधलाच आहे. फूड हॉलने उष्ट्याची भीती घालवली, हे खरं काम. ते करताना त्याने वाढणाराही घालवला, आणि ते करायची गरज नव्हती. इराण्याच्या हॉटेलात कुणीही बसे, चहा आठ आण्यांचा, आणि ‘पाव कडक झालाय’ हे सांगायला गल्ल्यावर इराणी हजर असे. वर तोच दोन शब्द ऐकवी.

एक निरीक्षण राहिलं. त्या कुटुंबातल्या धाकट्या मुलीने पिझ्झ्याचा तुकडा आजीच्या रिकाम्या बशीत ठेवला. आजीने चाखला, तोंड वाकडं केलं, म्हणाली, ‘अळणी आहे गं.’ मुलगी म्हणाली, ‘नाही हं, मस्त आहे!’ आणि मग त्या टेबलावर चांगली पाच मिनिटं भांडण चाललं. आता तुमचे प्रश्न घेऊ.