कोणती प्रत पाहिली? ‘सूरज’, ‘क्योजिन नो होशी’ आणि गाळलेला एक शब्द

पेटची तयारी करणाऱ्या एका मुलानं परवा विचारलं, “दादा, कार्टूनवर पीएच.डी. करता येते का?” येते. पण मी त्याला उलट विचारलं, “तू पाहिलीस ती प्रत कोणती?” तो म्हणाला, “प्रत म्हणजे? मालिका तर एकच असते ना!”

इथंच आपली गल्लत होते. हस्तलिखितांच्या बाबतीत आपण ही चूक करत नाही. एकनाथांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीच्या प्रती मिळवून पाठ शुद्ध केला, हे आपल्याला शाळेपासून माहीत असतं. पाठभेद म्हणजे काय ते मराठीच्या विद्यार्थ्याला वेगळं सांगावं लागत नाही. पण टीव्हीवरची मालिका म्हटलं की आपण समजतो, सगळ्यांनी एकच पाहिली. म्हणून आज एका मालिकेचं परीक्षण करतो आणि ते करताना प्रतीचा प्रश्न कुठं कुठं आडवा येतो तेही दाखवतो.

डिसेंबर २०१२ मध्ये कलर्स वाहिनीवर ‘सूरज : द रायझिंग स्टार’ ही हिंदी अ‍ॅनिमेशन मालिका सुरू झाली. भाग २६. मुंबईच्या झोपडपट्टीत वाढणारा सूरज, त्याचा माजी क्रिकेटपटू बाप आणि श्रीमंत घरातला प्रतिस्पर्धी विक्रम. जपानची टीएमएस आणि कोदान्शा, हैदराबादची डीक्यू एंटरटेनमेंट यांनी मिळून ती केली. आपल्याकडच्या फार थोड्यांना ठाऊक आहे, की ही एका जुन्या जपानी मालिकेची क्रिकेटमधली आवृत्ती आहे. मूळ मालिका ‘क्योजिन नो होशी’, म्हणजे जायंट्सचा तारा.

इक्की काजिवारांचं लेखन आणि नोबोरु कावासाकींची चित्रं असलेली ही चित्रकथा १९६६ पासून कोदान्शाच्या ‘शोनेन मॅगझिन’मध्ये येत होती. १९६८ ते १९७१ या काळात योमिउरी टीव्हीवर तिचे १८२ भाग झाले. बेसबॉलची गोष्ट आहे. बाप इत्तेत्सु एकेकाळी जायंट्स संघाचा खेळाडू, युद्धात खांदा निकामी झाला, आता बांधकामावर रोजंदारी करतो. मुलगा ह्युमा. आपलं राहून गेलेलं स्वप्न बाप लेकराच्या हाडात भरतो. त्याच्या अंगावर स्प्रिंगांचा सापळा चढवतो, आणि पोरगं तो सापळा घालूनच जेवतं, शाळेत जातं. बहीण आकिको आडोशाला उभी राहून डोळे पुसते.

पहिला मुद्दा रूपांतराचा. ‘सूरज’मध्ये स्प्रिंगांच्या जागी सायकलच्या ट्यूब आल्या. हा बदल मला पटतो. पंक्चरच्या दुकानातून मिळेल अशी वस्तू आहे, गरीब घरात शोभते आणि क्रूरपणाही थोडा निवळतो. पण खेळ बदलताना जे हरवलं त्याची भरपाई झाली नाही. बेसबॉलमध्ये पिचर डावात चेंडूमागून चेंडू टाकतच राहतो. पिचर आणि बॅटर समोरासमोर, बाकी जग थांबलेलं. मूळ मालिकेनं याचा पुरेपूर फायदा घेतला. हातातून सुटलेला चेंडू बॅटपर्यंत पोचायच्या आत आठवणी, आसवं, बापाचा चेहरा, सगळं होऊन जातं. क्रिकेटमध्ये सहा चेंडू झाले की षटक संपतं आणि दुसऱ्या टोकाकडून दुसरा बोलर येतो. दोघांचं द्वंद्व दर षटकाला तुटतं. क्रिकेटचा ताण वेगळ्या ठिकाणी असतो: भागीदारीत, हळूहळू चढणाऱ्या धावगतीत, नॉन-स्ट्रायकरच्या अस्वस्थपणात. ‘सूरज’ त्या ताणाकडं फारसं जात नाही. बेसबॉलचा श्वास क्रिकेटच्या अंगात भरायला बघतं, आणि म्हणून सामने पाहताना काहीतरी अडकल्यासारखं वाटतं.

दुसरा मुद्दा आठवणीचा. इत्तेत्सु म्हटलं की जपानी माणसाला एकच चित्र आठवतं: रागानं जेवणाचं बुटकं टेबल उलटं करणारा बाप. तिथं हे चित्र म्हणीसारखं वापरतात. ऐकणाऱ्याला वाटावं, दर भागात तो हेच करत असेल. प्रत्यक्ष कथेत हा प्रकार अगदी क्वचित आहे. मग आठवण आली कुठून? ते दृश्य शेवटच्या गाण्यावर, श्रेयनामावलीत होतं. दर आठवड्याला भाग संपला की टेबल उलटायचं. कथेत क्वचित घडलेली गोष्ट लोकांच्या मनात रोजची झाली.

हे तपासता कधी येतं? मालिका घरी ठेवता येते तेव्हा. १९६८ चा प्रेक्षक शनिवारी एकदा पाहायचा आणि पुढच्या शनिवारची वाट बघायचा. नंतर कॅसेट आल्या, डिस्क आल्या, आणि भाग मागं-पुढं करून मोजता यायला लागले. मराठीतल्या खेळावरच्या किंवा सिनेमावरच्या लेखनात आपण “सगळ्यांना आठवतंच” असं बिनधास्त लिहितो. प्रबंधात ते चालणार नाही. आठवण हे साधन आहे, पण ती लोकांच्या मनाबद्दल सांगते. मालिकेत काय आहे ते प्रत सांगते. दोन्हींत फरक पडला की तिथंच तुमचं प्रकरण सापडतं.

तिसरा मुद्दा प्रायोजकांचा. टीव्हीवर भाग सुरू होताना प्रायोजकांच्या नावांची पाटी येते, मधे जाहिराती येतात. डिस्कवर येताना हे सगळं सहसा गळतं. म्हणजे डिस्क पाहणाऱ्याला मालिका दिसते, तिचा बाजार दिसत नाही. ‘सूरज’चं उलट आहे. तिच्या पाठीशी सुझुकी, ऑल निप्पॉन एअरवेज, कोकुयो अशा जपानी कंपन्या होत्या आणि त्यांची वाहनं, विमानं, वस्तू थेट चित्रातच रेखाटल्या गेल्या. जाहिरात कापायची तर चित्रच कापावं लागेल. झोपडपट्टीतल्या पोराची गोष्ट सांगताना कॅमेऱ्यात नवीकोरी मोटार येते तेव्हा मला प्रश्न पडतो, की ही गरिबी कुणाला दाखवायला उभी केलीय? मूळ मालिका काही सोवळी नव्हती. जायंट्स संघ योमिउरीचा आणि वाहिनीही त्याच घरची. १९६५ ते १९७३ सलग नऊ वेळा जपान सिरीज जिंकणाऱ्या संघाची ती घरबसल्या जाहिरातच होती. पण तिथल्या गरिबीला वजन होतं, आणि ते एका शब्दात होतं.

आता त्या शब्दाकडं येतो. हा लेख लिहायचं खरं कारण तेच.

ह्युमा मोठ्या शाळेत प्रवेशाच्या मुलाखतीला जातो. वडील काय करतात, असं विचारतात. तो ताठ मानेनं सांगतो, की माझा बाप जपानमधला एक नंबरचा रोजंदारी मजूर आहे. त्यासाठी वापरलेला जपानी शब्द ‘हियातोइ निन्पु’. पुढच्या काळात हा शब्द हीन लेखणारा मानला गेला आणि पुनःप्रक्षेपणात त्या जागी आवाज बंद करायला लागले. ऐकू काय येतं? “माझा बाप जपानमधला एक नंबरचा… आहे!” ओठ हलतात, शब्द नाही. पुढं या रिकाम्या जागेवर जपानमध्ये विनोद झाले.

पुण्यात जपानी शिकणाऱ्या मैत्रिणीनं मला ही गोष्ट पहिल्यांदा सांगितली तेव्हा ती हसत होती. मला हसू आलं नाही. आमच्याकडं बीडमध्ये दिवाळी झाली की गावं रिकामी होतात. मुकादमाकडून उचल घेतलेली जोडपी कोयता घेऊन पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात जातात. आईवडील त्यातलेच. आणि अकरावीच्या अर्जात ‘वडिलांचा व्यवसाय’ या रकान्यात मी ‘शेती’ लिहिलं. शेत होतं की, अर्धा एकर, कोरडवाहू. खोटं नव्हतं. पण सहा महिने माझा बाप जे करायचा त्या जागी मीच आवाज बंद केला होता.

शब्द गाळणाऱ्यांचा हेतू वाईट नसेल. कुणाचा अपमान होऊ नये एवढंच त्यांना वाटलं असेल. पण त्या प्रसंगाचा अर्थच असा आहे, की ज्या शब्दानं जग हिणवतं तोच शब्द पोरगं अभिमानानं उच्चारतं. शब्द काढला की अभिमानही गेला. जुन्या कलाकृतींच्या जपानी डिस्कवर अनेकदा एक सूचना असते: आजच्या दृष्टीनं अनुचित शब्द आहेत, पण कृतीचं मूळ रूप राखण्यासाठी तसेच ठेवले आहेत. मला ही पद्धत जास्त प्रामाणिक वाटते. शब्द ठेवा, त्याबद्दल बोला.

म्हणून कुणी ‘क्योजिन नो होशी’वर लिहिलं, “नायकाला बापाच्या कष्टाची लाज वाटते की अभिमान हे संदिग्ध आहे”, तर मी आधी विचारीन, की तू मूळ ध्वनिपट्टी ऐकलीस की पुनःप्रक्षेपण? विश्लेषण हुशार असेल, पण संदिग्धता काजिवारांची नसून ध्वनिपट्टी कापणाऱ्याची असेल.

एक सावधगिरी. या मालिकेवर मी भाळून जाऊ नये. बाप लेकराला मारतो, त्याचं बालपण खातो आणि मालिका बराच काळ त्यालाच तप म्हणते. चित्रकथेच्या शेवटी ह्युमाचा डावा हात कायमचा जातो. म्हणजे निदान किंमत किती ते लेखकानं लपवलं नाही. आष्टी तालुक्यातल्या मांडव्याच्या अविनाश साबळेनं २०२३ च्या आशियाई स्पर्धेत स्टीपलचेसचं सुवर्ण जिंकलं तेव्हा आपणही “कष्टाचं चीज झालं” एवढंच म्हणून मोकळे झालो. ज्यांच्या कष्टाचं चीज झालं नाही त्यांचा हिशेब खेळाच्या गोष्टीत सहसा येत नाही. ‘क्योजिन नो होशी’त तो थोडा तरी आहे, ‘सूरज’नं तो घ्यायला हवा होता.

तर त्या मुलाला आणि तुम्हाला कामाचं: आराखड्यात मालिकेच्या नावापुढं एवढं लिहा. कोणती प्रत, कोणत्या भाषेतली, उपशीर्षकं कुणाची, कुठून मिळवली, काय गाळलेलं दिसलं. एका परिच्छेदाचं काम आहे. मार्गदर्शक विचारोत न विचारोत, लिहा.

आणि हो, पीएच.डी.च्या नोंदणी अर्जात पुन्हा तोच रकाना आला. या वेळी ‘ऊसतोड मजूर’ लिहिलं.