नजर न वळवणारे यंत्र

माझे बालपण नायगावच्या बी. डी. डी. चाळीत गेले. खोली 160 चौरस फुटांची आणि माणसे सात. आईला साडी बदलायची असली की वडील वर्तमानपत्र घेऊन गॅलरीत जाऊन उभे राहत. त्यांना तसे कुणी सांगावे लागत नसे. शेजारच्या खोलीतले भांडण आम्हाला शब्दन्‌शब्द ऐकू येई, पण सकाळी संडासाच्या रांगेत उभे असताना त्याबद्दल कुणी अवाक्षर काढत नसे. भिंती पुरेशा नव्हत्या, म्हणून माणसांनी नजर वळवण्याचा आणि कानाआड करण्याचा एक रिवाज घडवला होता. त्या रिवाजाला आम्ही कधी नाव दिले नाही. ‘प्रायव्हसी’ हा शब्द तर फार पुढे कानावर आला.

हे सगळे आठवायला कारण घडले ते गेल्या वर्षी, भाचीच्या घरी. तिला फ्लॅटची अंतर्गत सजावट करून घ्यायची होती. सजावटकार आला तो टेप न घेता. मोबाइल हातात धरून तो खोल्याखोल्यांतून सावकाश फिरला आणि चार-पाच मिनिटांत पडद्यावर अख्खे घर उभे राहिले. भिंती, दारे, खिडक्या, कपाटे, सगळे मापासकट. बोटाने फिरवले की घर फिरत होते. मी कौतुकाने पाहत होतो. मग लक्षात आले की आक्काच्या पलंगाशेजारचा वॉकर आणि कमोडची खुर्चीही त्यात आली आहे. स्वयंपाकघरात जमिनीवर बसून चहा पिणाऱ्या कामवाल्या मावशींचा अर्धवट, करड्या रंगाचा आकारही होता. आक्काला कुणी विचारले नव्हते, मावशींना तर नाहीच. ही फाइल कुठे जाते, असे मी विचारले. ‘क्लाउडवर,’ तो म्हणाला. भाची म्हणाली, ‘मामा, त्यात काय एवढं? सोफ्याचं माप आहे ते.’

त्यात ‘काय एवढं’ आहे, याचा शोध घेण्याचा प्रयत्न म्हणजे हा लेख. मी संगणक अभियंता नाही आणि वकीलही नाही. वाचून, विचारून जेवढे समजले तेवढे मांडतो.

१.

या तंत्राला ‘स्पेशिअल कम्प्युटिंग’ म्हणतात. त्याला रूढ मराठी शब्द नाही. ‘अवकाशीय’ म्हटले की वाचकाचे डोळे आभाळाकडे जातात, आणि इथे तर प्रश्न माजघराचा आहे. कल्पना जुनी आहे. आयव्हन सदरलंड यांनी डोक्यावर बसवायचे पहिले दृश्ययंत्र 1968 मध्ये तयार केले होते. ते इतके जड होते की छताला टांगावे लागे. सायमन ग्रीनवोल्ड यांनी 2003 मध्ये एमआयटीतल्या आपल्या प्रबंधात या संज्ञेची व्याख्या केली. तिचा आशय असा, की माणूस यंत्राशी व्यवहार करत असताना यंत्र खऱ्या वस्तूंचे आणि खऱ्या जागांचे संदर्भ स्वतःजवळ राखते आणि हाताळते. अ‍ॅपलने जून 2023 मध्ये ‘व्हिजन प्रो’ हे यंत्र जाहीर केले आणि फेब्रुवारी 2024 मध्ये अमेरिकेत 3,499 डॉलरला विक्रीस आणले, तेव्हा हीच संज्ञा जाहिरातीची भाषा झाली.

माझ्या मते ग्रीनवोल्ड यांच्या व्याख्येतले कळीचे क्रियापद ‘राखणे’ हे आहे. समोरच्या भिंतीवर एक काल्पनिक पडदा स्थिर ठेवायचा, तर भिंत कुठे आहे आणि आपले डोके कुठे आहे हे यंत्राला क्षणोक्षणी कळत राहावे लागते. व्हिजन प्रोमध्ये 12 कॅमेरे आणि सहा मायक्रोफोन आहेत ते उगीच नाहीत. जुन्या संगणकाला माहिती आपण देत होतो, टंकून किंवा बटण दाबून. या यंत्राला ती आपण नुसते उभे राहिलो तरी मिळते. ‘माहिती गोळा करणे बंद करा’ असे इथे म्हणता येत नाही, कारण ती गोळा केल्याशिवाय यंत्र चालतच नाही. माहिती घेतली का, हा प्रश्न फारसा उरत नाही. ती किती वेळ राखली, कुणाला दिली आणि तिच्यातून काय ताडले, हे प्रश्न उरतात.

२.

पहिली गोष्ट देहाची. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली इथल्या संशोधकांनी 2023 मध्ये एक निबंध प्रसिद्ध केला. ‘बीट सेबर’ नावाचा एक खेळ आहे. संगीताच्या तालावर अंगावर येणारे ठोकळे प्रकाशाच्या तलवारीने कापायचे. खेळाडूंनी गुणांसाठी सार्वजनिक केलेल्या खेळांच्या नोंदी या संशोधकांनी घेतल्या. नाव नाही, चेहरा नाही, आवाज नाही. केवळ डोके आणि दोन हात कसे हलले, एवढेच. प्रत्येकाच्या पाच मिनिटांच्या हालचालींवर संगणकाला शिकवल्यानंतर 100 सेकंदांच्या नव्या हालचालींवरून त्याने 55,000 हून अधिक जणांमधून नेमका माणूस 94 टक्के वेळा ओळखला. दहाच सेकंद दिले तेव्हाही 73 टक्के वेळा. त्याआधी 2020 मध्ये स्टॅनफर्डच्या संशोधकांनी 511 जणांवर असाच प्रयोग केला होता. तिथे तर लोक खेळतही नव्हते, नुसती चित्रफीत पाहत होते.

चाळीत आम्ही जिन्यावरच्या पावलांवरून कोण आले ते ओळखत असू. पण ती ओळख त्या चाळीपुरती होती. इथे ती कुठेही, कितीही वर्षांनी, कुणाच्याही हाती जाऊ शकते. ‘माहिती निनावी केली आहे’ हे कंपन्यांचे आवडते आश्वासन इथे पोकळ ठरते. सही बदलता येते, पासवर्ड बदलता येतो, पण मान वळवण्याची लकब कशी बदलणार?

दुसरी गोष्ट डोळ्यांची. व्हिजन प्रोमध्ये आपण ज्याच्याकडे पाहू ते निवडले जाते आणि चिमूट जुळवली की ते उघडते. इथे श्रेय द्यायला हवे. आपण कुठे पाहतो हे अ‍ॅपल अ‍ॅपना कळू देत नाही, फक्त चिमटीने केलेली शेवटची निवड त्यांच्यापर्यंत पोचते. पाहणे आणि निवडणे यांतला हा फरक मोलाचा आहे. आपण हजार गोष्टींकडे पाहतो आणि त्यांतली एक निवडतो. उरलेल्या नऊशे नव्याण्णवांचा हिशेब कुणी मागू नये, हाच तर खासगीपणा.

पण सप्टेंबर 2024 मध्ये ‘गेझप्लॉइट’ नावाचे संशोधन प्रसिद्ध झाले. व्हिडिओ कॉलमध्ये व्हिजन प्रो वापरणाऱ्याचा चेहरा म्हणून संगणकाने घडवलेली प्रतिमा दिसते. तिचे डोळे खऱ्या डोळ्यांसारखेच हलतात. त्या हालचालींवरून माणूस नजरेने कोणती अक्षरे टंकत आहे, याचा अंदाज पलीकडच्याला बांधता येतो, असे संशोधकांनी दाखवले. अ‍ॅपलने जुलै 2024 मध्येच ही फट बुजवली होती. नजरेचा कळफलक उघडा असताना ती प्रतिमा आता थांबते. तरी पुढचा दरवाजा नीट बंद करूनही डोळ्यांतले गुपित डोळ्यांवाटेच बाहेर पडले, हे विसरता येत नाही.

तिसरी गोष्ट जागेची, आणि माझ्या मते सर्वांत दुर्लक्षित. ‘पोकेमॉन गो’ हा खेळ जुलै 2016 मध्ये आला. पुढे खेळाडूंना रस्त्यावरची ठिकाणे मोबाइलने चित्रित करून पाठवण्याची सोय झाली. हे चित्रण ऐच्छिक होते आणि नुसते खेळत फिरल्याने नकाशा तयार होत नाही, असा खुलासा नायॅन्टिक कंपनीने केला आहे. पण तिनेच नोव्हेंबर 2024 मध्ये सांगितल्याप्रमाणे अशी एक कोटी ठिकाणे तिच्याकडे जमली होती आणि त्यांच्या आधारे यंत्राला जग ओळखायला शिकवणारी प्रणाली ती उभारत होती. मार्च 2025 मध्ये खेळ साडेतीन अब्ज डॉलरना दुसऱ्या कंपनीला विकायचे ठरले आणि नकाशाचे तंत्र नायॅन्टिक स्पेशिअल या वेगळ्या कंपनीत राहिले. ज्याने काही वर्षांपूर्वी पोकेमॉनच्या नादात कोपऱ्यावरचा पुतळा चित्रित केला, त्याने कशाला होकार दिला होता? खेळाला, की पुढच्या या सगळ्याला?

३.

आता संमतीकडे येऊ. माहितीच्या संरक्षणाची सगळी इमारत या एका खांबावर उभी आहे. वापरणाऱ्याला सूचना द्या, त्याची संमती घ्या, मग माहिती वापरा. सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी 24 ऑगस्ट 2017 रोजी पुट्टस्वामी खटल्यात खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला. त्यानंतर सहा वर्षांनी, 2023 मध्ये, वैयक्तिक डिजिटल माहितीच्या संरक्षणाचा कायदा झाला. त्याचाही मुख्य आधार संमतीच आहे. जुन्या 2011 च्या नियमांत जैविक ओळखीची माहिती ‘संवेदनशील’ या वेगळ्या वर्गात होती. नव्या कायद्यात असा वेगळा वर्गच नाही. शिवाय एखाद्या व्यक्तीने स्वतःच्या किंवा घरगुती कामासाठी माहिती हाताळली, तर तिला हा कायदा लागू होत नाही.

ही शेवटची सवलत वरवर रास्त आहे. लग्नाचे फोटो काढायला परवानगी लागू नये. पण मे 2025 मध्ये मेटाचे कॅमेरा बसवलेले चष्मे भारतात विक्रीला आले. चित्रण चालू असताना त्यावर एक बारीक दिवा लागतो, तेवढीच समोरच्याला सूचना. या चष्म्यांचे चित्रण चेहरे शोधणाऱ्या सेवांशी जोडले तर रस्त्यावरच्या अनोळखी माणसाचे नाव आणि पत्ता काढता येतो, हे हार्वर्डच्या दोन विद्यार्थ्यांनी 2024 मध्येच, सावध करण्यासाठी, करून दाखवले होते.

मुद्दा असा, की संमती एका माणसाची असते आणि जागा अनेकांची. व्हॅक्यूम क्लीनर बनवणाऱ्या आयरोबोट कंपनीच्या प्रायोगिक यंत्रांनी घराघरांत टिपलेली छायाचित्रे, त्यांत संडासात बसलेल्या एका बाईचेही, व्हेनेझुएलातल्या कंत्राटी कामगारांनी समाजमाध्यमांवर टाकली होती. चित्रांतल्या वस्तूंना नावे देण्याचे काम त्यांच्याकडे होते. डिसेंबर 2022 मध्ये हे उघड झाले, तेव्हा यंत्र घरात ठेवणाऱ्यांनी लेखी संमती दिली होती, असे कंपनीने सांगितले. दिलीही असेल. पण घरात येणारा पाहुणा, खेळायला आलेले शेजारचे मूल, लादी पुसणारी बाई, यांची सही कुठे होती? भाचीच्या घरातल्या फाइलला भाचीची संमती होती. आक्काच्या कमोडच्या खुर्चीला आणि मावशींच्या चहाला कुणाची होती?

४.

यावर एक आक्षेप मीच घेतो. चाळीच्या त्या रिवाजाचे मी फार गोडवे गात नाही ना? कारण त्याच रिवाजाने, शेजारी बाईला मार बसत असतानाही, अख्खी चाळ कानाआड करत होती. वाड्यांमध्ये ओसरी, माजघर, देवघर असे जे उंबरठे होते, ते खासगीपणा जपत होते तसे जातही जपत होते. कोणी कुठवर यायचे हे जन्मावर ठरे, आणि माजघरातल्या बाईच्या वाट्याला स्वतःचा असा कोपरा क्वचितच येई. तेव्हा जुन्याकडे परत चला, असे मला म्हणायचे नाही.

त्या रिवाजातली एकच गोष्ट मला उचलावीशी वाटते. पाहणाऱ्यावर जबाबदारी असते. आजचा कायदा लपवायचे ओझे दिसणाऱ्यावर टाकतो. अटी वाच, खूण कर, नको असेल तर वापरू नकोस. चाळीत हे ओझे पाहणाऱ्याने उचलायचे होते. यंत्रालाही नजर वळवायला शिकवता येते, याचा दाखला आपल्यासमोर आहे. जुलै 2022 मध्ये गूगलने रस्त्यांची दृश्ये दाखवणारी सेवा मुंबई, पुणे, नाशिक, अहमदनगरसह दहा शहरांत भारतीय कंपन्यांबरोबर सुरू केली, तेव्हा त्यांत माणसांचे चेहरे आणि गाड्यांचे क्रमांक धूसर केलेले होते. ही सोय आपोआप आलेली नाही, जगभर लोकांनी हरकती घेतल्यामुळे तिची गरज पटत गेली. याच सेवेच्या गाड्यांनी परदेशात रस्त्यावरून जाता जाता घरांतल्या वाय-फायवरची माहितीही उचलली होती, आणि ते गूगलने 2010 मध्ये मान्य केले होते.

मग घराच्या आत नजर वळवणे म्हणजे काय? खोलीचा नकाशा यंत्रातच बनावा आणि काम झाले की पुसला जावा. अ‍ॅपला सोफ्याचे माप हवे असेल तर माप मिळावे, खोली मिळू नये. जी आकृती माणसाची आहे ती यंत्राने साठवण्याआधीच गाळावी. डोक्याच्या आणि हातांच्या हालचालींना बोटांच्या ठशांइतकेच जपावे. आणि कंपनी विकली गेली तर जुन्या होकारावर नवा व्यवहार चालू नये. यांतले काही आजही शक्य आहे, काही ठिकाणी केलेही जाते. पण ते कंपनीच्या मर्जीवर राहू नये, एवढेच मागणे आहे.

मी सजावटकाराला फोन करून फाइल पुसायला सांगितले. त्याने लगेच ‘हो काका, केली’ असा निरोप पाठवला. मुलगा सज्जन आहे, त्याने पुसली असणार. त्याच्या फोनमधून. पुढे ती कुठे कुठे पोचली होती, हे त्यालाही सांगता आले नाही. आक्काला मी हे सगळे समजावून सांगितले, तेव्हा तिने एवढेच विचारले, ‘खुर्ची तेवढी बाजूला ठेवायला सांगितलं असतं, तर मी ठेवली नसती का?’

आता नायगावच्या चाळींच्या जागी इमारती होत आहेत. 160 चौरस फुटांच्या जागी 500 चौरस फुटांची घरे मिळणार आहेत. आतच संडास, आतच न्हाणीघर. वडिलांना आता गॅलरीत जावे लागले नसते. आमच्या पिढीने ज्या भिंतींची स्वप्ने पाहिली, त्या अखेर उभ्या राहत आहेत. त्या भिंतींची मापे घ्यायला उद्या कुणीतरी मोबाइल घेऊन येईल. तेव्हा त्याला दारातच विचारावे, यात माझ्या घरातले कोण कोण येणार आहे, आणि त्यांना विचारलेस का?