श्रद्धा आणि कायदा : एका भाषणाचें परीक्षण

राजकीय भाषणाचें आयुष्य बहुधा दुसऱ्या दिवशींच्या वर्तमानपत्राइतकेंच असतें. निबंध म्हणून पुन्हा वाचावीं अशीं भाषणें थोडीं. न्यूयॉर्क राज्याचे गव्हर्नर मारिओ कुओमो यांनीं १३ सप्टेंबर १९८४ रोजीं नोटर डेम या कॅथलिक विद्यापीठांत केलेलें भाषण त्यांपैकीं एक होय.

प्रसंग बिकट होता. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानें १९७३ सालीं ‘रो विरुद्ध वेड’ या खटल्यांत गर्भपाताचा हक्क घटनेनें दिलेला आहे, असा निर्णय दिला होता. १९८४ च्या निवडणुकींत उपाध्यक्षपदाच्या उमेदवार जेराल्डिन फेरारो या कॅथलिक असून त्या हक्काच्या बाजूच्या होत्या. त्यामुळें न्यूयॉर्कचे आर्चबिशप ओकॉनर यांनीं त्यांच्यावर जाहीर टीका केली होती. कुओमोही कॅथलिकच.

त्यांचें म्हणणें थोडक्यांत असें : गर्भपाताविषयीं चर्चची शिकवण मला मान्य आहे, परंतु मला जें वर्ज्य, तें सर्वांना कायद्यानें वर्ज्य करावें काय, हा प्रश्न निराळा. अनेक पंथांच्या समाजांत व्यापक एकमतावांचून केलेली बंदी फलद्रूप होत नाहीं. त्यापेक्षां माता व बालकें यांस खरें साहाय्य द्यावें.

या भाषणाचा मोठा गुण प्रामाणिकपणा. १९६० सालीं ह्यूस्टन येथें केनेडी यांनीं आपला धर्म अधिकारपदापासून दूर ठेवला. कुओमो तो व्यासपीठावर आणतात आणि प्रतिपक्षाची टवाळी न करतां युक्तिवाद करतात.

तथापि युक्तिवादाचा मुख्य आधारच कच्चा आहे. एकोणिसाव्या शतकांतील अमेरिकन बिशपांनीं गुलामगिरीबाबत स्वीकारलेलें मौन ते व्यवहारज्ञान म्हणून पुढें करतात. पण एकमत नव्हतें म्हणून गुलामगिरी क्षम्य ठरली काय? शिवाय लोकमत प्रतिकूल असतांही देहान्तशिक्षेचीं विधेयकें खुद्द कुओमो वर्षानुवर्षें नाकारीत राहिले. तेथें ते एकमतासाठीं थांबले नाहींत.

मराठी वाचकांस येथें १८९१ चा संमतिवयाचा वाद आठवेल. बालविवाह अनिष्ट मानूनही कायद्यास विरोध करणारे त्यांत होते. स्वतःचें मत एक आणि कायदा दुसरा, एवढा भेद म्हणूनच पुरेसा नाहीं. सक्ती कोणावर होते आणि रक्षण कोणाचें होतें, हेंही विचारावें लागतें. देहान्तशिक्षा नाकारल्यानें सरकारचा हात आवरला जातो. गर्भपातबंदीनें तोच हात स्त्रीच्या देहावर पडतो. या दृष्टीनें कुओमो यांच्या दोन्ही भूमिकांचा मेळ बसतो, परंतु भाषणाचा पाया त्यांनीं तेथें घातला नाहीं. गर्भ हाही स्वतंत्र जीव आहे, हा प्रतिपक्षाचा आक्षेप तेवढ्यानें मिटत नाहीं, हें खरें. पण वाद निदान त्याच्या योग्य जागीं तरी येतो.

सर्वोच्च न्यायालयानें २४ जून २०२२ रोजीं तो जुना निर्णय रद्द करून हा प्रश्न राज्यांकडे सोंपविला. कांहीं राज्यांनीं बंदी घातली, कांहींनीं हक्क अधिक दृढ केला. हा दिवस पाहण्यास कुओमो नव्हते. २०१५ सालीं ते निवर्तले. परंतु त्यांच्या भाषणांतील उणीव आज अधिक जाणवते. स्वातंत्र्याचें समर्थन जो केवळ एकमताच्या अभावावर करतो, त्याच्या राज्यांत उद्यां बंदीच्या बाजूनें एकमत झालें, तर त्यानें कोणत्या तत्त्वावर उभें राहावें?