रावी, गवाही आणि कॅमेरा

कॅमेरा खोटे बोलत नाही, असे आपल्याकडे सर्रास म्हटले जाते. पोलिसांच्या वर्तनाचे एखाद्या नागरिकाने केलेले चित्रण पुढे आले की हे वाक्य हमखास ऐकू येते. आम्हांला ते अर्धेच पटते. अशी चित्रफीत हे एक कथन असते. तिच्याशेजारी दुसरे कथन, म्हणजे पोलिसांचे निवेदन, ठेवून दोन्ही वाचली पाहिजेत, कथा-कादंबरी वाचतो तितक्याच बारकाईने.

२५ मे २०२० रोजी अमेरिकेतील मिनियापोलिस शहरात जॉर्ज फ्लॉइड मरण पावला. त्या रात्री पोलिसांनी काढलेले निवेदन आठ-दहा ओळींचे आहे. पोलिसांशी संबंध आला असताना वैद्यकीय त्रासामुळे एक माणूस दगावला, असा त्याच्या मथळ्याचा आशय. आम्ही वर्गात व्याकरण शिकवताना मुलांना पहिला प्रश्न विचारतो, वाक्याचा कर्ता कोण? या निवेदनात पोलीस येतात, बेड्या घालतात, त्रास ओळखतात, रुग्णवाहिका बोलावतात. कर्तव्याच्या प्रत्येक क्रियेला कर्ता आहे. मृत्यूला तेवढा कर्ता नाही. शस्त्र वापरले गेले नाही, असेही त्यात आवर्जून सांगितले आहे. ही वाक्ये सुटी सुटी घेतली तर त्यांतली बरीचशी खोटी ठरवणे अवघड जाईल. जे घडले ते दोन वाक्यांमधल्या जागेत दडवले आहे. मानेवर टेकलेला गुडघा त्यात कुठेच नाही.

तो गुडघा दिसला १७ वर्षांच्या एका मुलीच्या फोनमुळे. नात्यातल्या लहान बहिणीला घेऊन ती दुकानाकडे निघाली होती. तिने केलेले चित्रण सुमारे दहा मिनिटांचे आहे. तिचा हात फारसा हलत नाही, चित्रण मध्येच तुटत नाही. आजूबाजूचे लोक पोलिसांना विनवतात, ओरडतात, तेही सारे त्यात आले आहे. गुडघा नऊ मिनिटे एकोणतीस सेकंद मानेवर होता, हे नंतर खटल्यात मांडले गेले. २०२१ मध्ये त्या अधिकाऱ्याला खुनासाठी दोषी ठरवण्यात आले आणि मुलीला पुलित्झर मंडळाने विशेष सन्मान दिला. पत्रकारितेसाठी नावाजलेला हा सन्मान रस्त्यावरच्या एका साक्षीदाराला मिळाला, हे आम्हांला फार मोलाचे वाटते.

पण आता तीन दशके मागे जाऊ. ३ मार्च १९९१ च्या रात्री लॉस एंजलिसमध्ये पोलिसांनी रॉडनी किंगला दंडुक्यांनी झोडपले. प्लंबिंगच्या व्यवसायातल्या एका माणसाने घराच्या सज्जातून ते टिपले, फीत दूरचित्रवाणी केंद्राला दिली आणि सारे जग हादरले. तरीही २९ एप्रिल १९९२ रोजी ज्यूरीने चौघा पोलिसांना जवळजवळ सर्व आरोपांतून सोडले. त्यानंतरच्या दंगलीत पन्नासहून अधिक माणसे मेली. हे घडले कसे? बचावाच्या वकिलांनी तीच फीत न्यायालयात संथ गतीने, एकेक चित्र थांबवून दाखवली. खाली पडलेल्या माणसाचे प्रत्येक आचके देणे म्हणजे हल्ल्याची तयारी, असा अर्थ लावून दिला. फीत तीच, निरूपण करणारे बदलले. पुढे १९९३ मध्ये केंद्रीय न्यायालयात चौघांपैकी दोघे दोषी ठरले.

म्हणजे प्रश्न चित्राचा जेवढा, तेवढाच सांगणाऱ्याच्या भरवशाचा. आणि हा प्रश्न आपल्या परंपरेला नवा नाही. मुहद्दिसांनी हदीस तपासताना मतन पाहिली आणि इस्नादही पाहिली. प्रत्येक रावीचे चारित्र्य, स्मरणशक्ती, कोण कोणाला भेटला होता, हे सारे शोधून काढले. जरह-व-तादील आणि अस्मा-उर-रिजाल ही शास्त्रे त्यातून उभी राहिली. इमाम जहबींचा ‘मीजानुल एतदाल’ हा ग्रंथ ज्यांच्या भरवशाबद्दल आक्षेप घेतले गेले अशा रावींचाच आहे. एखादा माणूस कितीही परहेजगार असो, स्मरण कच्चे असेल तर तो जईफ. हुद्दा, घराणे, दाढी, कशाचीही सवलत नाही.

पोलीस अधिकारी हाही एक रावीच. अमेरिकेत १९६३ आणि १९७२ मधील सर्वोच्च न्यायालयाच्या दोन निकालांनंतर, साक्षीदाराच्या विश्वासार्हतेला बाधा आणणारी माहिती आरोपीला देणे सरकारी वकिलावर बंधनकारक झाले. त्यातून अनेक ठिकाणी भरवसा गमावलेल्या अधिकाऱ्यांच्या याद्या ठेवल्या जाऊ लागल्या. १९९४ मध्ये न्यूयॉर्कच्या मोलेन आयोगाने तर नोंदवले की, पोलिसांच्या खोट्या साक्षीला पोलिसांच्याच बोलीत वेगळे नाव पडले आहे! या याद्या सगळीकडे नाहीत आणि सारख्याही नाहीत. तरी नागरिकाच्या फोनला खरे बळ मिळते ते अशा नोंदीमुळे, असे आमचे मत आहे.

आपल्याकडे एन्काउंटर या शब्दाचा अर्थच बदलून गेला आहे. मूळ शब्द नुसत्या गाठीचा, मराठी वर्तमानपत्रात तो माणूस मारला गेल्याचा. पोलिसापुढे दिलेला कबुलीजबाब ग्राह्य नाही, असे १८७२ च्या पुरावा कायद्याने सांगितले होते आणि २०२४ पासून लागू झालेल्या नव्या कायद्यातही ते कायम आहे. म्हणजे कायद्याला शंका आहे. पण ती शंका अधिकाऱ्याच्या नावापुढे लिहून ठेवण्याची रीत रुळलेली नाही.

फेब्रुवारी २०२० मधील दिल्लीच्या दंगलीतली ती फीत वाचकांना आठवत असेल. रस्त्यावर जखमी पडलेले पाच मुस्लिम तरुण आणि त्यांना राष्ट्रगीत म्हणायला लावणारे पोलीस. त्यांतला २३ वर्षांचा एक तरुण ठाण्यातून सुटल्यावर लवकरच रुग्णालयात वारला. फीत देशभर पाहिली गेली. मिनियापोलिसला अकरा महिन्यांत निकाल लागला. इथे त्याच्या आईने उच्च न्यायालयात धाव घेतली आणि जुलै २०२४ मध्ये, चार वर्षांहून अधिक काळानंतर, तपास सीबीआयकडे गेला.

आपल्या लोकांनाही एक सांगायचे आहे. मोबाईलवर आलेली फीत कोणी, कुठे, केव्हा घेतली हे न विचारता आपण पुढे ढकलतो. सूरह हुजुरातमध्ये बातमी तपासून घेण्याचा आदेश आहे. एका जुन्या, भलत्याच गावच्या फितीमुळे दहा खऱ्या फितींची गवाही जईफ होते आणि समोरच्या वकिलाला तेवढेच हवे असते.

दिल्लीच्या त्या प्रकरणात ठाण्यातले सीसीटीव्ही बंद होते, असे पोलिसांचे म्हणणे होते. त्याच वर्षी २ डिसेंबरला सर्वोच्च न्यायालयाने देशातल्या प्रत्येक ठाण्यात कॅमेरे बसवण्याचा आदेश दिला. २०२२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने ठाण्यात केलेले चित्रण हा शासकीय गुपितांच्या कायद्याखाली गुन्हा होत नाही, असे सांगितले. फोन धरणाऱ्या हाताला एवढा आधार आता आहे. एका न्यायालयाने ज्याच्या शब्दावर विश्वास ठेवला नाही, तो अधिकारी पुढच्या महिन्यात दुसऱ्या न्यायालयात साक्षीला उभा राहतो, तेव्हा त्याची मागची नोंद तिथल्या न्यायाधीशांपुढे आपोआप येईल, अशी सोय अजून व्हायची आहे.